सहा ऑगस्टचं प्रदर्शन: हिरोशिमा-नागासाकी शाळेत कसं मांडायचं

‘६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला आणि लाखाहून जास्त लोक मेले’ हे वाक्य इतिहासाच्या पेपरात एका गुणाला पुरतं. प्रदर्शनाला पुरत नाही. लाख हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही. शाळेपासून चौकापर्यंतचं अंतर येतं, जेवणाचा डबा येतो, लहान भावाची तीनचाकी येते. म्हणून खालची सगळी कामं एकाच हेतूने आखली आहेत: मोठा आकडा हाताला लागेल, पायाने मोजता येईल इतका जवळ आणायचा, आणि तसं करताना एकही आकडा फुगवायचा नाही.

हे काम सातवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी आहे. बारा ते पंधरा जणांचा गट, एक शिक्षक, एक वर्गखोली, बावीस-पंचवीस मीटरचा व्हरांडा आणि दहा दिवस एवढं हाताशी हवं. सामान साधंच आहे: पांढऱ्या कार्डशीटचे आठ ताव, घोटीव कागदाचे तीस ताव, पंचवीस मीटर जाड सुतळी, कपड्यांचे साठ-सत्तर चिमटे, टाचण्या, जाड दोरा, सुई, पुठ्ठा, जाड काळं स्केचपेन आणि एक पेन्सिल. पेन्सिल विसरू नका, शेवटी तिचं महत्त्वाचं काम आहे.

आधी पावसाचा विचार

ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे कोल्हापुरात पंचगंगेकडे नजर लावून बसायचे दिवस. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. शाळांना सुट्टी लागते, आणि कित्येक शाळांच्या खोल्या पूरग्रस्त कुटुंबांसाठी उघडाव्या लागतात. त्या वेळी तुमचं प्रदर्शन कुणाच्या वाटेत येता कामा नये. म्हणून भिंतीवर काहीही चिकटवू नका. सगळं सुतळीवर चिमट्यांनी टांगा, म्हणजे अर्ध्या तासात उतरवून कपाटात ठेवता येईल. शिवाय दमट हवेत चिकटपट्टी रात्रीतून सुटते आणि खळीने चिकटवलेल्या कागदाला फुगे येतात. चिमटे या दोन्ही त्रासांतून वाचवतात.

दुसरी तारीखही आधीच ठरवून ठेवा. ९ ऑगस्ट हा नागासाकीचा दिवस. पाणी ओसरायला वेळ लागला तर २९ ऑगस्ट घ्या, तो अणुचाचण्यांविरोधी आंतरराष्ट्रीय दिवस आहे. तेही जमलं नाही तर २६ सप्टेंबर, अण्वस्त्रांच्या संपूर्ण निर्मूलनासाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला दिवस. यातली कोणतीही तारीख विषयाला सोडून नाही.

अंतराचा नकाशा

प्रदर्शनातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. निम्मा वेळ याला द्या.

हिरोशिमात कुठल्या अंतरावर काय झालं, ते कोल्हापूरच्या नकाशावर वर्तुळांनी दाखवायचं. कार्डशीटचे दोन ताव लांब बाजूने जोडा, म्हणजे साधारण ७१ बाय ११२ सेंटिमीटरचा कागद मिळतो. प्रमाण धरा १ किलोमीटरला १० सेंटिमीटर. मध्यभागी तुमची शाळा.

मध्यबिंदू शाळाच का? अंबाबाईचं देऊळ किंवा बिंदू चौक केंद्रस्थानी ठेवला की बघणारा ‘इथे कोण बॉम्ब टाकणार?’ या वादात शिरतो आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. शाळा मध्यभागी असली की प्रत्येक मूल आपोआप आपलं घर शोधतं. ते अंतर त्याला पाठ असतं, रोज पायी किंवा सायकलने कापलेलं असतं.

शहराचा छापील नकाशा घ्या, त्यावर किलोमीटरची मोजपट्टी छापलेली असलीच पाहिजे. मोबाइलवरच्या नकाशाचा फोटो काढून छापला की बहुतेक वेळा मोजपट्टी कापली जाते, किंवा छापताना आकार बदलतो आणि सगळी अंतरं खोटी होतात. समजा छापील नकाशावर १ किलोमीटर म्हणजे ४ सेंटिमीटर आहे. आपल्याला १० हवेत, म्हणजे अडीचपट. नकाशावर २ सेंटिमीटरच्या आणि कार्डशीटवर ५ सेंटिमीटरच्या चौकटी आखा आणि चौकटीमागून चौकट उतरवा. चित्रकलेच्या तासाला चित्र मोठं करायला हीच पद्धत वापरतात. सगळे रस्ते काढू नका. पंचगंगा, रंकाळा, रेल्वेमार्ग, चार-पाच मोठे रस्ते आणि पंधरा-वीस ओळखीच्या जागा पुरेत: भवानी मंडप, खासबाग मैदान, सीपीआर रुग्णालय, मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्टेशन, राजारामपुरी. झाल्यावर दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर मोबाइलवर मोजून ताडून पाहा. सरळ अंतर म्हणजे पक्षी उडेल तसं, रिक्षाच्या मीटरचं नव्हे. ही चूक जवळजवळ प्रत्येक गट करतो.

वर्तुळं काढायला कंपासपेटीतलं कर्कटक पुरत नाही. दोऱ्याला पेन्सिल बांधली तर दोरा ताणला जाऊन वर्तुळ अंडाकृती होतं. त्यापेक्षा ३५ सेंटिमीटर लांब पुठ्ठ्याची पट्टी कापा, एका टोकाला टाचणी टोचा आणि तिथून ५, १२, २० आणि ३० सेंटिमीटरवर पेन्सिलचं टोक जाईल एवढी भोकं पाडा. टाचणी शाळेवर रोवा आणि पट्टी फिरवा. ५ सेंटिमीटर म्हणजे केंद्रापासून अर्धा किलोमीटर. ही त्रिज्या आहे, व्यास नाही. कुणीतरी हमखास १० सेंटिमीटर रुंदीच्या वर्तुळाला ‘१ किलोमीटरचं वर्तुळ’ म्हणून मोकळं होतं.

आता वर्तुळांवर लिहायचं काय? अर्ध्या किलोमीटरच्या आत जवळजवळ कुणीच वाचलं नाही. जे मोजके वाचले ते तळघरात किंवा काँक्रीटच्या भक्कम इमारतीत होते. साधारण १.२ किलोमीटरच्या आतली निम्मी माणसं त्याच दिवशी गेली. २ किलोमीटरच्या आतली जवळजवळ सगळी घरं पडली किंवा जळाली. ३ किलोमीटरवरही उघड्यावर उभ्या असलेल्यांची कातडी भाजली. शहरात ७६ हजार इमारती होत्या, त्यांतल्या सुमारे ७० हजारांची मोडतोड झाली.

मधल्या बिंदूवर खराट्याची काडी ६ सेंटिमीटर उंच उभी करा आणि तिच्या टोकावर २.८ सेंटिमीटर व्यासाचा, लहान लिंबाएवढा नारिंगी कागदी गोळा बसवा. हिरोशिमाचा बॉम्ब जमिनीवर आदळून फुटला नव्हता, सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला होता. पन्हाळा आजूबाजूच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे, त्याच्या दीडपट ही उंची. सेकंदभरात आगीचा गोळा सुमारे २८० मीटर रुंद झाला आणि त्याच्या थेट खालची जमीन ३ ते ४ हजार अंश सेल्सिअसला तापली. त्या काडीवरच्या गोळ्याने जे समजतं ते पानभर मजकुराने समजत नाही.

लाल टिंबाने दवाखाने दाखवा आणि मग २ किलोमीटरच्या वर्तुळात किती टिंबं येतात ते मोजा. हिरोशिमातले नव्वद टक्क्यांहून जास्त डॉक्टर आणि परिचारिका मेल्या किंवा जखमी झाल्या. जखमींना न्यायचं कुठे, हा प्रश्नच उरला नाही, कारण न्यायची जागाही त्याच वर्तुळात होती.

नकाशाखाली ठळक अक्षरांत एक ओळ हवीच: ‘ही हिरोशिमातली अंतरं आहेत, कोल्हापूरचं भाकीत नाही.’ यामागे कारण आहे. हिरोशिमा नदीच्या मुखाशी सपाटीवर वसलेलं, बहुतांश लाकडी घरांचं शहर होतं. नागासाकीवरचा बॉम्ब जास्त ताकदीचा होता, हिरोशिमाच्या सुमारे १५ किलोटनांच्या तुलनेत सुमारे २१ किलोटनांचा (१ किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी स्फोटकाएवढी ताकद). तरीही तो उराकामी खोऱ्यावर फुटल्यामुळे मधल्या डोंगरांनी शहराचा काही भाग वाचवला. जमिनीची ठेवण बदलली की वर्तुळही बदलतं. पाचवीच्या आतली मुलं नकाशा पाहायला आली तर एक मोठा विद्यार्थी कायम शेजारी उभा राहू दे, नाहीतर मूल घरी जाऊन रात्री झोपत नाही.

एखादा हुशार विद्यार्थी विचारेल की आजचे बॉम्ब कितीतरी मोठे आहेत, मग वर्तुळ तेवढ्या पटीने मोठं काढू का? नाही. ताकद आठपट झाली की दणक्याचं अंतर दुप्पट होतं, आठपट नाही, कारण स्फोटाची ताकद चहूबाजूंना आणि वरखाली पसरते. १० किलोटनांचं वर्तुळ १ मेगाटनासाठी, म्हणजे हजार किलोटनांसाठी, शंभरपट मोठं काढलेली चित्रं सर्रास दिसतात. ती चूक आहे, आणि एक चूक सापडली की बघणारा बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

सुतळीवरचा काळ

व्हरांड्यात सुतळी ताणून बांधा. २५ सेंटिमीटरला १ वर्ष. १९३८ ते २०२६ म्हणजे ८८ वर्षं, २२ मीटर. प्रत्येक वर्षाच्या जागी शाईची खूण करा. सुतळी दमटपणाने ढिली पडते, म्हणून दर पाच मीटरवर आधार द्या.

पहिलं कार्ड डिसेंबर १९३८ चं: बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांच्या प्रयोगात युरेनियमचा अणू फुटला, आणि लिझे माइटनर व ओटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला. मग २ ऑगस्ट १९३९, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेल्या पत्रावर आइन्स्टाइनच्या सहीची तारीख. ‘आइन्स्टाइनने बॉम्ब बनवला’ असं कार्ड कुणी लिहिलं तर बदलायला लावा. त्याने इशारा देणाऱ्या पत्रावर सही केली, बॉम्बच्या प्रकल्पात त्याला घेतलंच नव्हतं. १९४४ च्या अखेरीस जोसेफ रॉटब्लाट हा पोलंडचा शास्त्रज्ञ प्रकल्प सोडून निघून गेला, कारण जर्मनी बॉम्ब बनवत नाही हे स्पष्ट झालं होतं. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली चाचणी झाली. त्याच महिन्यात लिओ झिलार्डच्या पुढाकाराने सत्तर शास्त्रज्ञांनी अर्जावर सह्या केल्या: जपानला आधी शरणागतीची संधी द्या.

इथे कोल्हापूरचं एक कार्ड लावा. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवडे इथे पोलंडमधून परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. ६ ऑगस्ट १९४५ ला ती मुलं वळिवड्यातच होती. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. महायुद्ध ‘तिकडे कुठेतरी’ झालं असं मानणाऱ्यांना या कार्डापाशी थांबवा.

१९४५ च्या २५ सेंटिमीटरमध्ये चार कार्डं येतात, १६ जुलै, ६ ऑगस्ट, ९ ऑगस्ट आणि १५ ऑगस्ट. शेजारी-शेजारी मावत नाहीत. एकाखाली एक लोंबती लावा. ६ ऑगस्टच्या कार्डावर वेळ लिहा: जपानी वेळ सकाळी ८:१५. जपान आपल्या आजच्या घड्याळापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे इथल्या वेळेने पहाटे ४:४५. ९ ऑगस्टचं लक्ष्य मुळात कोकुरा शहर होतं. तिथे खालचं दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलं आणि ११:०२ ला बॉम्ब टाकला. १५ ऑगस्टला जपानच्या सम्राटाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली.

आता मागे सरकून सुतळीकडे बघा. १९३८ ते १९४५ हे पावणेदोन मीटरमध्ये संपलं. उरलेले वीस मीटर रिकामे आहेत, आणि बहुतेक प्रदर्शनं इथेच फसतात. सगळी कार्डं सुरुवातीला, पुढे मोकळी दोरी. खरं तर माणसांवरचा परिणाम त्या वीस मीटरमध्येच आहे. किरणोत्सर्ग झेललेल्यांमध्ये ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, बॉम्बनंतर सहा ते आठ वर्षांनी सगळ्यात जास्त दिसला. इतर कर्करोग त्याहून उशिरा आले. १ मार्च १९५४ ला प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर अमेरिकेने १५ मेगाटनांची चाचणी केली, तिची राख मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवरच्या २३ जणांवर पडली, आणि त्यांतले आइकिची कुबोयामा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारले. त्या चाचणीनंतर महिन्याभरात, एप्रिल १९५४ मध्ये पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली. १९५८ पासून अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून तपासले गेले, लाखांहून जास्त. चाचण्यांमधला स्ट्रॉन्शियम-९० हा किरणोत्सर्गी पदार्थ दुधावाटे मुलांच्या दातांत उतरत होता. १९६३ मध्ये हवेतल्या चाचण्या थांबवणारा करार झाला. दुधाच्या दाताचं कार्ड लहान मुलांना सगळ्यात जास्त कळतं, ते त्यांच्या उंचीवर टांगा.

पुढे १८ मे १९७४ आणि ११ व १३ मे १९९८ पोखरण, २८ व ३० मे १९९८ पाकिस्तानच्या चाचण्या, २९ ऑगस्ट १९९१ कझाकस्तानमधलं सेमिपलातिन्स्क चाचणीस्थळ बंद, ७ जुलै २०१७ अण्वस्त्रबंदी करार, आणि २०२४ चा शांततेचा नोबेल निहोन हिदान्क्यो या वाचलेल्यांच्या संघटनेला.

हजार पक्षी

सादाको सासाकी दोन वर्षांची होती, स्फोटाच्या जागेपासून सुमारे १.६ किलोमीटरवर. नकाशावर तुमच्या शाळेपासून तेवढ्या अंतरावर बोट ठेवा. तेव्हा तिला साधं खरचटलंही नव्हतं. शर्यतीत धावणारी मुलगी. १९५५ च्या सुरुवातीला ल्युकेमियाचं निदान झालं आणि २५ ऑक्टोबर १९५५ ला, बाराव्या वर्षी ती गेली. रुग्णालयात ती कागदाचे क्रौंच पक्षी करत असे, औषधांच्या पुड्यांच्या कागदाचेसुद्धा. हजार पूर्ण व्हायच्या आत ती गेली, ६४४ च झाले होते, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. तिच्या घरच्यांच्या आणि हिरोशिमाच्या संग्रहालयाच्या सांगण्यानुसार हजारांहून जास्त झाले होते. तेच लिहा. ते वाचायला जास्त अवघड आहे, कारण हजार पूर्ण होऊनही ती वाचली नाही.

पक्षी करायला घोटीव कागद उत्तम. पतंगाचा कागद मानेपाशी फाटतो, कार्डशीटला घडी बसत नाही, आणि वर्तमानपत्र पावसाळी हवेत मऊ पडून पंख गळतात. ५० बाय ७५ सेंटिमीटरच्या तावातून १० सेंटिमीटरचे ३५ चौकोन निघतात, म्हणजे हजारांसाठी २९ ताव. गटाबाहेरची मुलंही सोबत घ्या, चाळीस जणांना प्रत्येकी पंचवीस. हात बसल्यावर एका पक्ष्याला सहा मिनिटं लागतात, पहिल्याला वीस लागली तरी घाबरू नका.

रंगीत बाजू खाली ठेवून चौकोन उभा आणि आडवा अर्धा दुमडून उघडा. उलटा करा, दोन्ही कर्णांवर दुमडून उघडा. आता चारही कोपरे एकत्र आणत कागद मिटवा, रंगीत बाजू बाहेर राहून छोटा चौकोन तयार होतो. कागद तसा मिटत नसेल तर उलटा करायचा राहून गेला आहे. चौकोनाचं उघडं टोक तुमच्याकडे घ्या. वरच्या थराच्या दोन्ही कडा मधल्या रेषेवर आणा, वरचा त्रिकोण खाली दुमडा आणि तिन्ही घड्या उघडा. उघड्या टोकाचा फक्त वरचा थर उचलून वर न्या, कडा आत येतात आणि लांबट पाकळी बनते. सगळ्यात जास्त पक्षी इथे बिघडतात, कारण आधीच्या तीन घड्या नखाने दाबलेल्या नसतात. मागच्या बाजूलाही तसंच करा. मग खालच्या दोन पायांच्या कडा मध्यरेषेवर आणा, दोन्हीकडून, आणि एकेक पाय आतून उलटा वर काढा: एक मान, एक शेपूट. मानेचं टोक खाली वळवून चोच करा आणि पंख पसरा.

ओवताना परंपरेप्रमाणे चाळीसांच्या पंचवीस माळा करा. खालच्या टोकाला बटण बांधा, सुई पोटाच्या मध्यातून घालून पाठीतून काढा. नुसती गाठ दमट कागदातून निसटते आणि पूर्ण माळ खाली येते.

काय दाखवायचं, काय नाही

ढगाचा तो प्रसिद्ध फोटो सगळ्यात मोठा लावू नका. तो विमानातून काढलेला आहे. त्यात एकही माणूस दिसत नाही. जमिनीवरून त्या दिवशी योशितो मात्सुशिगे या वृत्तपत्र-छायाचित्रकाराने काढलेले फक्त पाच फोटो उरले आहेत. समोरचं दृश्य असं होतं की त्याच्याने कळ दाबवेना. जळालेल्या शरीरांचे फोटो आठवीच्या खालच्या मुलांसमोर ठेवू नयेत असं आमचं ठाम मत आहे. मूल डोळे मिटून पळतं आणि काहीच शिकत नाही.

त्याऐवजी वस्तूंची चित्रं काढा, प्रत्यक्ष मापाची. ८:१५ ला थांबलेलं घड्याळ. आतलं अन्न कोळसा झालेला एका शाळकरी मुलाचा डबा. तीन वर्षांच्या मुलाची तीनचाकी, जी वडिलांनी त्याच्यासोबत अंगणात पुरली आणि चाळीस वर्षांनी उकरून संग्रहालयाला दिली. हिरोशिमात त्या सकाळी हजारो शाळकरी मुलं आगीपासून बचावासाठी घरं पाडून मोकळे पट्टे करण्याच्या कामावर होती. तुमच्याच वयाची, बारा-तेरा वर्षांची. त्यांतली सुमारे सहा हजार गेली. डब्याच्या चित्राशेजारी तुमचा रोजचा डबा उघडा ठेवा. वर काही लिहू नका.

व्हरांड्याच्या टोकाला पाण्याने भरलेला तांब्या आणि भांडं ठेवा. भाजलेली माणसं शेवटपर्यंत पाणी मागत होती, आणि हिरोशिमात दरवर्षी ६ ऑगस्टला त्यांना पाणी अर्पण करतात. हार, हळदकुंकू, उदबत्ती नको. हात जोडले की लोक पुढे निघून जातात, इथे थांबून वाचायला हवं. जपानमध्ये नदीत दिवे सोडतात म्हणून पंचगंगेत किंवा रंकाळ्यात दिवे सोडायला जाऊ नका. ऑगस्टमधला घाट निसरडा आणि पाण्याला ओढ असते. कागदी कंदील वर्गातच लावा.

कण्हेरीची एक कुंडी ठेवता आली तर बघा. आपल्याकडे रस्त्यांच्या दुभाजकांवर सर्रास दिसणारी कण्हेर हिरोशिमाचं अधिकृत फूल आहे. पंचाहत्तर वर्षं तिथे काही उगवणार नाही अशी अफवा होती, आणि कण्हेर फुलली. फांदी मात्र तोडू नका, चीक विषारी असतो. कुंडीला हात लावला तर धुवा.

विचारले जाणारे प्रश्न

माहिती सांगणाऱ्यांनी ही उत्तरं स्वतःच्या शब्दांत तयार ठेवावीत. पाठ केलेलं लगेच कळतं.

*नक्की किती मेले?* १९४५ च्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार, दहा हजार इकडेतिकडे. नागासाकीत सुमारे ७४ हजार. आकड्यासोबत ‘१९४५ च्या अखेरपर्यंत’ हे शब्द कायम बोला, कारण मृत्यू तिथे थांबले नाहीत. नेमका आकडा नाही, कारण नोंदवह्या जळाल्या, पूर्ण कुटुंबं गेल्यामुळे नाव सांगणारं कुणी उरलं नाही, आणि कोरियातून आणलेल्या हजारो मजुरांची नीट गणतीच नव्हती. तेव्हा हिरोशिमात सुमारे साडेतीन लाख माणसं होती. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या आसपास आहे.

*तिथे आजही किरणोत्सर्ग आहे का?* नाही, इतर शहरांइतकाच आहे. स्फोट हवेत उंचावर झाला, बरेचसे किरणोत्सर्गी अवशेष ढगाबरोबर वर गेले, आणि जमिनीतला किरणोत्सर्ग लवकर ओसरला. काही ‘काळ्या पावसा’तून खाली पडले, आणि तो पाऊस तहानलेल्यांनी प्यायला. आज त्या शहरात दहा लाखांहून जास्त लोक राहतात.

*वाचलेल्यांची मुलं व्यंग घेऊन जन्माला येतात का?* हे उत्तर फार जपून द्या. बॉम्बच्या वेळी आईच्या पोटात असलेल्या काही बाळांची डोकी लहान राहिली, बुद्धीची वाढ खुंटली, हे खरं. पण वाचलेल्यांना नंतर झालेल्या मुलांमध्ये आनुवंशिक दोष वाढल्याचं अनेक दशकांच्या अभ्यासात आढळलेलं नाही. तरीही याच भीतीपोटी त्यांची लग्नं मोडली, नोकऱ्या नाकारल्या. चुकीची माहिती पसरवून आपण तेच पुढे चालवू.

*बॉम्बमुळेच युद्ध संपलं ना?* यावर इतिहासकारांचं एकमत नाही. अमेरिकेची बाजू अशी की जपानवर चढाई केली असती तर आणखी कितीतरी माणसं मेली असती. दुसरे दाखवून देतात की ८ ऑगस्टला सोव्हिएत रशियानेही जपानविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. दोन्ही बाजू सांगा आणि ऐकणाऱ्याला विचार करू द्या.

*भारताकडे आहेत का?* आहेत. जगातल्या नऊ अण्वस्त्रधारी देशांत भारत आहे, आणि आपण पहिला वापर करणार नाही असं भारताचं जाहीर धोरण आहे. हे लपवू नका, यावर घोषणाही देऊ नका. जगात मिळून आज सुमारे बारा हजार अण्वस्त्रं आहेत. १९८६ च्या सुमारास ती सत्तर हजारांच्या घरात होती. कमी करता येतात, हे या दोन आकड्यांतून दिसतं.

त्या सकाळी

सकाळचं सत्र असेल तर बरोबर ८:१५ ला शाळेची घंटा एकदाच वाजवा आणि एक मिनिट शांत उभे राहा. दुपारची शाळा असेल तर प्रार्थनेनंतर. माईकवरून भाषण नको. एका वेळी पंधराच जणांना आत सोडा, नाहीतर मागचे ढकलतात आणि नकाशापाशी कुणाला आपलं घर सापडत नाही.

उतरवताना माळा गुंडाळू नका, सरळ लोंबत्या ठेवून जुन्या चादरीत बांधा. पुठ्ठ्याची भोकांची पट्टी पुढच्या वर्षीसाठी राखा. आणि सुतळीच्या शेवटच्या टोकाला एक कार्ड लावायचं आहे: हयात असलेल्या हिबाकुशांची, म्हणजे अणुबॉम्बमधून वाचलेल्यांची, जपान सरकारकडे असलेली नोंद. मार्च २०२५ मध्ये ती ९९,१३० होती, पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली, आणि त्यांचं सरासरी वय ८६ वर्षं. बाकी सगळी कार्डं स्केचपेनने लिहा. हा आकडा पेन्सिलने लिहा, दर ऑगस्टला खोडून नवा लिहावा लागतो.